फोटोमागचं घर

महामार्गासाठी घर पाडल्यावर सगुणा तारमळे बदली घर मागायला सरकारी कचेरीत गेली. पुरावा म्हणून तिनं मोबाइलमधले दहा वर्षांचे फोटो दाखवले.

"यात घर कुठंय, बाई?" कारकुनानं विचारलं.

लग्न असो की बारसं, माणसांमागे नुसतं पांढरं. सरकारनं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घातलेलं फुकटचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतली पार्श्वभूमी पुसून टाकत असे.

"तुम्हीच पुसलंत ना!"

"घर दिसल्याशिवाय घर मिळत नाही. नियम आहे."

सगुणानं तिथल्या तिथे त्याचाच फोटो काढून समोर धरला. टेबल नाही, कपाटं नाहीत, भिंती नाहीत. कारकून पांढऱ्या पोकळीत अधांतरी बसलेला.

"आता तुमची कचेरी आहे, हे सिद्ध करा. तोवर मी हलणार नाही."

रांगेतल्या सगळ्यांनी आपापले मोबाइल त्याच्यावर रोखले.