आठशे जणांनी ऐकलेला हुकूम

राजकुमार थीरवतांनी तिसऱ्यांदा कपाळ जमिनीला टेकवलं आणि भन्ते थुआम नकळत मागे सरकला.

ज्याला पाहून अख्खी पलटण टाचा जुळवायची तो कर्नल डोकं भादरून, अंगावरून घसरणारं नवं चीवर सावरत थुआमच्या पायाशी वाकला होता. नियमच तसा. विहारात रक्त कुणाचं ते बघत नाहीत, दीक्षा आधी कुणाची ते बघतात. राजकुमारांची झाली परवा, राजाच्या परवानगीने, पावसाळ्यापुरती. थुआमची सात वर्षांपूर्वी, याच कर्नलच्या तबेल्यातून पळून आल्यावर. सुटलेल्या पोटामुळे अजून ओळख पटली नव्हती, एवढंच.

पौर्णिमेचा दिवस. पाठ सुरू होण्याआधी भिक्खूंनी जोडीजोडीने बसून एकमेकांपाशी चुका कबूल करायच्या. मोठ्या भन्तेंनी नेमकी हीच जोडी लावली.

"बोला," थुआम कुजबुजला.

"घसा बसलाय का, भन्ते?"

"हं."

"जपा." राजकुमारांनी मान खाली घातली. "दीक्षेच्या वेळी मी खोटं बोललो."

दीक्षेआधी सगळ्यांना तेच प्रश्न. कुष्ठ नाही ना? क्षय नाही ना? डोकं ठिकाणावर आहे ना? राजाच्या चाकरीतून मोकळा आहेस ना? शेवटच्या प्रश्नाला तो स्वतः "हो, भन्ते" म्हणून साळसूदासारखा पुढे सरकला होता.

"कुठल्या प्रश्नाला?"

"डोक्याच्या. म्हणालो ठणठणीत आहे. पण ते फिरलंय, भन्ते. सात वर्षं झाली." राजकुमारांनी आवाज आणखी खाली आणला. "संचलन होतं. मी घोड्यावर, पाहुण्यांकडे तोंड करून सलाम ठोकत उभा. तोंड मिटलेलं. आणि माझ्याच आवाजात हुकूम आला, 'पुढे चल!' आठशे शिपाई निघाले की! समोर कमळांचं तळं. थांबा म्हणायला माझी वाचाच बसली. गेले आत, बँडसकट. वर ढोल तेवढे तरंगत होते."

थुआमने गाल आतून चावला. आत्ता हसू फुटलं तर मेलोच.

तबेल्याच्या भिंतीआडून साहेबांचा हुबेहूब आवाज काढताना त्याला वाटलं होतं, चार पावलं जातील, कर्नलसाहेब बोंबलतील, संध्याकाळी दारू पिताना सगळे हसतील.

"मी म्हणालो, मी बोललोच नाही. ते आठशे जण शपथेवर म्हणाले, बोललात, सरकार. माझ्या बायकोनेही ऐकलं होतं. तेव्हापासून ती गुपचूप माझ्या कॉफीत मेंदूचं औषध घालते. मीही गुपचूप पितो." त्यांनी घसरलेलं चीवर सावरलं. "आता तोफांचा सराव असला की हात थरथरतात. न जाणो, पुन्हा न बोलता बोललो तर? माणसं मरतील. म्हणून वर्षावास संपला की राजीनामा. चौदाव्या वर्षापासून गणवेशात आहे, भन्ते. दुसरं काही येत नाही हो मला."

गप्प बसलं की मिटलं. पावसाळा सरेल, राजकुमार जातील, चीवर अंगावर राहील. तोंड उघडलं तर लष्करी तुरुंग. थुआमने समोर पाहिलं. राजकुमारांचे जोडलेले हात खरंच थरथरत होते.

मग त्याने पोटात श्वास भरला.

"पुढे चल!"

खांबांवरची कबुतरं उडाली. सगळी भादरलेली डोकी राजकुमारांकडे वळली.

"राजकुमार!" मोठे भन्ते कडाडले. "कवायतीचं मैदान आहे का हे?"

राजकुमार हलले नाहीत. ते थुआमच्या तोंडाकडे बघत होते.

"मीच तो," थुआम आपल्या आवाजात म्हणाला. "तबेल्यातला थुआम. आता बेड्या घाला नाहीतर फटके मारा, सरकार."

"म्हणजे... मी बोललो नव्हतो?"

"नाही."

"एक अक्षरही?"

"ओठसुद्धा हलला नव्हता. मी भिंतीच्या फटीतून बघत होतो ना."

राजकुमारांनी एवढा लांब श्वास सोडला की खांद्यावरचं चीवर पुन्हा घसरलं. ते त्यांनी सावरलंच नाही.

"हरामखोरा!" ते म्हणाले. मग जीभ चावून घाईघाईने हात जोडले. "चुकलो. हरामखोर भन्ते."

थुआमला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही थोडंथोडं केलं.

"राजीनामा गेला खड्ड्यात," राजकुमार डोळे पुसत म्हणाले. "परत जातो आणि आधी तुमचं नाव पलटणीतून कमी करून टाकतो. चाकरीतून मोकळे. मात्र बायकोचं काय करू? मी सांगितलं तर म्हणेल, वेड वाढलं वाटतं."

"उद्या भिक्षेला माझ्या मागेच राहा," थुआम म्हणाला.

सकाळी राजकुमारांच्या राणीसाहेब नदीकाठी गुडघ्यांवर बसल्या होत्या, पुढ्यात वाफाळता भात आणि तळलेली मासळी. थुआमच्या पात्रात भात पडला. मग नवऱ्याची पाळी आली. राणीसाहेबांनी रिवाजाप्रमाणे नजर खाली ठेवून जेमतेम अर्धा डाव भात वाढला.

"एवढासाच? हात का आखडलास गं?" नवऱ्याचा आवाज आला.

"भिक्षेच्या वेळी बोलतात का कुणी!" राणीसाहेबांनी करवादून मान वर केली. "निदान इथं तरी..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. "मी काही कधी उपाशी ठेवलं नाही तुला," तोच आवाज पुन्हा म्हणाला, आणि आला तो थुआमच्या पाठमोऱ्या चिवरातून.

नवऱ्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. खांदे मात्र गदगदा हलत होते, आणि हातातल्या पात्रातला भात उडून नदीकाठच्या मातीत सांडत होता.