आल्तोच्या चार्जरची चाचणी

“बॅटरी ब्याण्णव टक्के भरलेली, आणि तरी गाडी दोन तास चार्जरला?” सीनियाने कागदावरून नजर न उचलता विचारलं.

“म्हातारी बॅटरी आहे,” एव्हेलिओकाका म्हणाले. “माझ्यासारखीच. दाखवते भरलेली, आतून रिकामी.”

सीनिया हसली नाही. डोंगरातल्या वीज सहकारी संस्थेची ती मॅनेजर होती. प्रश्न असा होता की, गाड्यांचे चार्जर चालवणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून विकत घ्यायचं, की संस्थेतल्या मुलींनी घरच्या घरी केलंय तेच पुढे वाढवायचं? त्याचा निकाल लावायला मार्चमध्ये तिने स्वतः काकांच्या दारात जाऊन त्यांना गळ घातली होती. काकांनी चाळीस वर्षं खांबांवर काढली होती, वर आल्तो गावापर्यंतची तार त्यांनीच ओढली होती. तुमचा शब्द सभासद मानतील, असं ती म्हणाली होती. आल्तोच्या चार्जरवर एक दिवस घरचं आणि एक दिवस कंपनीचं लावून बघायचं, आणि दर शुक्रवारी अहवाल द्यायचा.

आता जून लागला होता.

“संचालक मंडळ माझ्या डोक्यावर बसलंय, काका. आज काय ते एक सांगा. घरचं की विकतचं?”

काकांनी टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. “कंपनीचं दिसायला झकास आहे. पण त्याला पत्ता समजत नाही. मी लिहिलं, उंबर होता तिथून दोनशे मीटर वर. म्हणतं, पत्ता चुकीचा!”

“उंबर पडून वीस वर्षं झाली.”

“मग? गावात कोणाला ठाऊक नाही?”

“बरं. मग घरचंच ठेवू.”

“छे छे!” काका खुर्चीतून अर्धे उठलेच. “घरच्याला उंबर कळतो, पण ढग गडगडले की ते झोपतं.”

“मग कंपनीचं.”

“अगं, घाई कशाला? उतावळा नवरा...” आणि काकांनी जीभ चावली. ती म्हण आज त्यांना नको होती.

खरं सांगायचं तर काकांना चार्जरची गरजच नव्हती. गाडी छोटी, जुनी, पुतण्याकडून घेतलेली. घरच्या भिंतीतल्या प्लगवर रात्रभरात भरायची. पण आल्तोचा चार्जर ओदिलीबाईंच्या ओसरीसमोर होता, आणि काकांचा जीव त्या ओसरीत अडकला होता. ओदिलीबाई म्हणजे लिसान्द्रोची विधवा. लिसान्द्रो काकांचा खांबावरचा जोडीदार. आणि सीनिया ही लिसान्द्रो-ओदिलीबाईंची मुलगी. आता बघा, माणूस गाळात रुतला म्हणजे किती रुतावा!

चाचणी होती तोवर ठीक होतं. निकाल लागला की ती संपणार, आणि मग एका विधुराने कुठल्या निमित्ताने त्या ओसरीवर बसायचं? तीन दिवसांत डोंगरभर बोभाटा झाला असता. रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर माझ्याबरोबर खाली चौकापर्यंत चालत याल का, एवढंच काकांना विचारायचं होतं. तीन महिने ते वाक्य ओठापर्यंत येत होतं आणि कॉफीबरोबर परत पोटात जात होतं.

कालचीच गोष्ट.

“आज कुठलं?” ओदिलीबाईंनी दारातून विचारलं.

“कंपनीचं.”

“मग वेळ लागेल.”

“लागेल बुवा.”

त्या कॉफी गाळायला आत गेल्या. तेवढ्यात दूधवाला ओल्मान आपली गाडी चार्ज करायला आला. काकांना बघून त्याने हात केला. “चालू द्या चाचणी, काका! मला काही घाई नाही.” आणि गाडी वळवून निघूनही गेला. मोठा समजूतदार माणूस, काकांना वाटलं.

ओदिलीबाईंनी केळीच्या पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे तामाल आणून ठेवले. आमच्याकडे तामाल एकेकटा बांधत नाहीत, दोन एकमेकांना लावून दोऱ्याने जोडी बांधतात. त्यांचा दोरा निळा, आणि गाठ दुहेरी.

“तुम्ही घरी एकटेच जेवता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मीही.”

काकांनी तोंड उघडलं. “ओदिलीबाई, मी म्हणत होतो...”

“काय?”

“मीठ अगदी बेताचं पडलंय.”

घरी येताना स्टिअरिंगवर हात आपटत त्यांनी स्वतःला शंभर शिव्या दिल्या. खांबाच्या टोकावर, वादळात, जिवंत तारेला हात घालताना हा माणूस कधी कचरला नव्हता.

“काका,” सीनियाने टेबलावर बोटं वाजवली, “मी मंडळाला काय तोंड दाखवू?”

“सांग, म्हातारा फार बारकाईने काम करतोय.” काकांचा आवाज खाली आला. “एक आठवडा दे, पोरी. एकच. पुढच्या शुक्रवारी नक्की सांगतो.”

सीनियाने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

“शेवटचा आठवडा,” ती कडक आवाजात म्हणाली. “आणि या वेळी धीर करा, काका. काय ते बोलून मोकळे व्हा.”

“होतो, होतो.” काकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, टोपी घातली आणि ती विचार बदलायच्या आत निघाले. खाली रस्त्यावर त्यांची शीळ ऐकू आली.

रुमालाबरोबर खिशातून निळ्या दोऱ्याचा तुकडा जमिनीवर पडला होता. सीनियाने तो उचलला आणि आजच्या अहवालाच्या सुरळीला गुंडाळला. मग तिने खालचा खण उघडला. तिथे अशाच सुरळ्या ओळीने ठेवलेल्या होत्या, काहींना निळा दोरा होता. ही तेरावी. तिच्यासाठी जागा करायला तिने खणाच्या तळाचा जाड कागद बाजूला सरकवला. तो कंपनीबरोबरचा खरेदीचा करार होता. त्यावर सातही संचालकांच्या सह्या होत्या, दूधवाल्या ओल्मानचीसुद्धा, आणि तारीख होती सात फेब्रुवारी, म्हणजे चाचणीच्याही आधीची.