यजमानांचं नाव

दहिवलीच्या शिबिरात तरुण डॉक्टरीणबाई वयस्कांची स्मरणशक्ती तपासत होत्या. जयवंताआजीनं वार, गाव, नातवंडांची नावं बरोबर सांगितली.

"आता यजमानांचं नाव?"

आजीनं मान खाली घातली. डॉक्टरांना काळजी वाटली. शेजारी आजोबा बीपी मोजायला बाही वर करून बसले होते.

शेवटी सून म्हणाली, "बाई, आठवतंय त्यांना. नवऱ्याचं नाव असंच घेत नायत त्या. आई, उखाण्यात घ्या."

आजीनं पदर सावरला. "तेल घेते मोजून, मीठ टाकते जपून, मालोजीरावांचं नाव घेते डॉक्टरांचा मान राखून."

डॉक्टर हसत आजोबांच्या दंडाला पट्टा बांधू लागल्या.

"जरा थांबा, बाई," आजोबा म्हणाले. "लग्नानंतर हिच्या तोंडून माझं नाव आजच ऐकलं. आत्ता मोजाल तर जास्तच येईल."