जाळीचा अर्ज

सम्यक रडायला लागला की नानांना ते पत्र आठवायचं. दोन खोल्या सोडून राहणाऱ्या त्याच्या आईने, आकांक्षाने, ते गणपतीच्या आधी चाळीच्या सेक्रेटरीला, म्हणजे नानांनाच, लिहिलं होतं. गॅलरीच्या कठड्याचे गज फार विरळ आहेत, मूल आता चालायला लागलंय, आमच्या दारासमोर जाळी लावायची परवानगी मिळावी. खाली सही. एवढंच.

"नकार कळवा," चाळ कमिटीचा अध्यक्ष कोंडीराम म्हणाला होता. "आज जाळी, उद्या पत्रे, परवा म्हणेल गॅलरी माझ्या खोलीतच धरा. बिल्डर माप घ्यायला आला की आपण बसायचं बोंबलत."

नानांना नकार लिहवेना आणि होकार लिहायची हिंमत होईना. त्यांनी मसुदे केले. एक फार कोरडा वाटला, दुसरा उगाच गोड. गॅलरीत आकांक्षा दिसली की ते नजर चुकवत म्हणत, "बघतो हं."

"सावकाश, नाना," ती म्हणे. "तुमचं उत्तर आलं की लावून घेते. उगाच चाळीत भांडण नको."

तोवर तिने आपला उपाय काढला होता. एकट्याला खोलीत ठेवावं, तर पोरगं गॅसची बटणं फिरवायचं. म्हणून गॅलरीच्या टोकाला संडासाला जायचं झालं, तरी ती जुन्या ओढणीचं एक टोक सम्यकच्या कमरेला बांधायची आणि दुसरं दाराच्या कडीला.

त्या दुपारीही तिने तसंच बांधलं होतं. नाना आपल्या दारात खुर्ची टाकून वाचत होते. सम्यकने भोकाड पसरलं. शेजारची सुचित्रा कपडे वाळत घालत होती.

"बांधलंन का पुन्हा पोराला?" ती म्हणाली. "वा, नाना! तुमच्या राज्यात बोके मोकळे फिरतात आणि माणसांची पोरं दाव्याला. शोभतं हो तुम्हाला!" आणि हसत, रिकामी बादली उचलून ती आत गेली.

नानांनी पुस्तक मिटलं. ते सम्यकजवळ जाऊन उकिडवे बसले. ओढणी ओढून ओढून पोराच्या पोटावर लाल वळ उठला होता. नानांनी गाठ चाचपली. पक्की होती. बोटांनी सुटेना, तेव्हा त्यांनी अंगठ्याचं नख घातलं. नख मुळापर्यंत तुटलं, पण गाठ सुटली.

सम्यक रडायचा थांबला. त्याने नानांचं बोट धरलं आणि हसला.

असं नानांचं बोट धरून हसणारं चाळीत कुणी नव्हतं. त्याला काहीतरी द्यावं असं त्यांना फार वाटलं. "थांब हं," ते म्हणाले, "गंमत आणतो."

आत कपाटाच्या खालच्या कप्प्यात लहान मुलांची दोन पुस्तकं होती. एक हत्तीचं, एक आगगाडीचं. हत्तीची चित्रं मोठी होती, पण पानं निघाली होती. आगगाडीचं धड होतं, पण चित्रं बारीक. एवढ्याशा पोराला कळतील का? नानांनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी धरली.

खाली चौकात नारळ पडल्यासारखा आवाज झाला.

नाना दोन्ही पुस्तकं घेऊन बाहेर आले. गॅलरी रिकामी होती.

स्मशानातलं सगळं उरकून पुरुषमाणसं परत आली तेव्हा सारा मजला आकांक्षाच्या दारात जमला होता. तिचा नवरा विनीत पायसुद्धा न धुता सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "एक गाठ मारता येत नाही तुला नीट?"

"आधीपासून सांगतेय मी," सुचित्रा कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पोर बांधून ठेवणारी कसली आई!"

आकांक्षाने मान वर केली. गर्दीत ती नानांना शोधत होती.

"नाना, तुम्ही होतात ना गॅलरीत? सैल होती का हो गाठ? मी तर... मी दोनदा ओढून बघितली होती."

ओढणी अजून कडीलाच लोंबत होती. नानांनी अंगठा मुठीत मिटला.

"असेल सैल," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं, वाचत होतो."

पुढच्या रविवारी कमिटी बसली. सगळ्या मजल्यांवर जाळी लावायचं चहा येण्याआधीच ठरलं.

"आणि त्या बाईच्या अर्जाचं आधी उरका," कोंडीराम म्हणाला. "उद्या कुणी विचारलं, तर कमिटीने उत्तरच दिलं नाही असं नको व्हायला."

या वेळी मसुदा करावा लागला नाही. 'आपल्या अर्जाचा विचार करून, दारासमोर स्वखर्चाने जाळी लावण्याची परवानगी आपणास देण्यात येत आहे.' नानांनी एका बैठकीत लिहिलं आणि सही केली. पाकीट चिकटवताना डिंक अंगठ्याला झोंबला.

पोस्टातल्या खिडकीमागच्या मुलीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा, पाठवणारे आणि घेणारे एकाच चाळीत? मजलासुद्धा एकच? मग हातातच द्या की. कशाला खर्च?"

"नको," नाना म्हणाले. "पोच लागते."

तिने पाकिटावर शिक्का मारला आणि पावती पुढे सरकवली. नानांनी ती दोन बोटांनी उचलली. अंगठ्याला नख अजून आलं नव्हतं.