उघड्या तोंडाचा फोटो

"हाड ठणठणीत आहे," डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून म्हणाले. "जबड्याला काहीही झालेलं नाही."

"मग तोंड का उघडत नाही?" सज्जनबाईनं विचारलं. तिच्या दातांमध्ये जेमतेम दोन बोटं मावत. आधी कानाजवळ नुसता खटका वाजायचा. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत खटका थांबला आणि जबडाच अडकला.

"मनाचं असतं हे. बायकांमध्ये फार बघतो मी. झोपेच्या गोळ्या देतो."

"फोटो मिटल्या तोंडाचा काढलात. अडकतं ते उघडताना."

डॉक्टरांनी उत्तर तिला दिलं नाही. त्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. शांतीलाल बोथरा जळगावात कापडाचं दुकान चालवत. चारचौघांत बायको बोलली की त्यांना अवघडायचं.

"डॉक्टरसाहेब सांगतात तसं कर," ते म्हणाले.

घरी येताच सज्जनबाईनं गोळ्या मोरीत टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

आठवड्यानं ती एकटीच एसटीनं धुळ्याला गेली. तिथे हबीब एक्स-रेचं मशीन चालवायचा.

"भाभी, डॉक्टरची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. जबडा आणलाय."

हबीबनं तिला मशीनपाशी बसवलं. मग त्यानं तिचं डोकं तिरकं टेकवलं. एक फोटो मिटल्या तोंडाचा काढला, एक उघडेल तेवढ्या उघड्या तोंडाचा. पाकिटावर 'एस. बोथरा' लिहून दिलं.

जळगावच्या डॉक्टरांनी ते पाकीट उघडलंसुद्धा नाही.

"हट्टाला माझ्याकडे औषध नाही, बाई."

"मी परत येईन," ती म्हणाली.

पुढचा महिनाभर ती भाकरी ताकात कुस्करून गिळत राहिली. शांतीलाल समोर बसून जेवत. तिचा एकेक घास बघत.

पौषात एका सकाळी शांतीलाल गालाला हात लावून दवाखान्यात शिरले. मागून सज्जनबाई आली आणि भिंतीशी उभी राहिली.

"तुम्हालाही, शेठ?" डॉक्टर खुर्चीतून उठले.

"कानापाशी अडकतं. धुळ्याहून फोटो आणलेत."

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटांएवढं उघडलं. त्यांनी दिवा लावला, दोन्ही फोटो शेजारीशेजारी धरले आणि बराच वेळ पाहिले.

"हे बघा. तोंड उघडलं की जबड्याचं हे टोक पुढे सरकायला हवं. इथे ते जागचं हललेलंच नाही. सांध्यात एक मऊ चकती असते. ती निसटली की वाट अडते. साध्या फोटोत चकती दिसत नाही. सांध्यात औषध सोडून फोटो काढावा लागतो. ती सोय मुंबईला आहे."

"मनाचं तर नसेल?" सज्जनबाईनं विचारलं.

"मनाचा काय संबंध, बाई? डोळ्यांना दिसतंय. आणखी उशीर केला तर सांधा कायमचा जाईल."

त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. पान भरून लिहिलं, सही केली, शिक्का मारला. वर नावाची जागा तेवढी राहिली होती.

"पूर्ण नाव सांगा, शेठ."

शांतीलालनी गालावरचा हात काढला आणि चांगलं चार बोटं तोंड उघडून जांभई दिली.

"सज्जनबाई शांतीलाल बोथरा," ते म्हणाले.