अर्ध्या बाहीचं अंतर

टेलरमास्तरांची लेक विमानाने पार लांबच्या शहरात नोकरीला गेली, तेव्हा त्यांनी दुकानातल्या नकाशावर दोन्ही शहरांमध्ये टेप धरली.

"म्हणे चौदा तासांचा प्रवास! अर्ध्या बाहीएवढंच तर आहे."

बायको डोळे पुसता पुसता हसली होती.

गेल्या आठवड्यात तेच अंतर कफाएवढं भरलं. आज काजाएवढं.

"कागद आकसला असेल," बायको म्हणाली. "तुमचं आपलं काहीतरीच!"

पण बाकीची सगळी शहरं जागच्या जागी होती. मास्तरांनी पुन्हा टेप लावली, पुन्हा लावली. शेवटी वैतागून ते नकाशासमोरच्या मशीनवर शिवायला बसले, तर लेकीचा फोन आला.

"बाबा, डोकं उठलंय नुसतं. शेजाऱ्यांनी शिलाई मशीन घेतलंय. भिंतीपलीकडून सारखी खडखड."

"आत्ताही चालू आहे?"

"हो ना!"

मास्तरांचा पाय पायट्यावर थांबला.

"बघा, आत्ता बंद झालं," लेक म्हणाली. "थांबा, पुन्हा सुरू व्हायच्या आत भिंतीवर थापा मारून सांगतेच त्यांना."

"नको, बाळा..." मास्तर म्हणेपर्यंत समोरचा नकाशा टाचण्यांसकट हादरला.