कोकोखाली सगळं झाकतं

"बीट या खेपेला किसलं नाही, उकडून वाटलंय," केकच्या कडेने सुरी फिरवत वसुधाबाई म्हणाल्या. "किसलं की दाताखाली येतं आणि पोरीला शंका येते. अब बिल्कुल पता नहीं चलेगा."

स्वानंदने वाकून वास घेतला. चॉकलेटचाच होता.

"आणि पालक?"

"आहे की, चांगला मूठभर. कोको मोठा गुणी बघ. खाली काहीही दडव, वरून सगळं झाकतं."

आठ महिने दर रविवारी हे असंच चाललं होतं. सकाळी दहाला स्वानंद स्नेहलतागंजमध्ये आईकडे यायचा, पोहे खायचा, चहा घ्यायचा आणि मुलीसाठी केकचा डबा घेऊन निघायचा. सात वर्षांच्या स्पृहाला भाजीचं वावडं होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठावर. शाळेतून निवृत्त झालेल्या वसुधाबाईंनी मग बासष्टाव्या वर्षी ओव्हन आणला. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ असं करत करत त्या बीट, कद्दू, अगदी गिलकीसुद्धा चॉकलेटच्या आड लपवायला शिकल्या.

"मागचा खाल्ला तिने?"

"खाल्ला ना. बोटं चाटत होती."

"अक्रोड मात्र वेचून बाजूला ठेवले असतील."

"हो," स्वानंद म्हणाला. "सगळे काढले."

"म्हणून आज घातलेच नाहीत." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "चल, निघ आता. कोमट आहे तोवर पोचव."

स्वानंद जिना उतरला, गाडीत बसला आणि दोन चौक पुढे जाऊन एका झाडाखाली थांबला. नेहमीसारखाच. डबा उघडून त्याने एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. उरलेला केक सोमवारी पोलोग्राउंडच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत संपायचा.

स्पृहा त्याच्याजवळ राहतच नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी ताटात गिलकीची भाजी होती. स्पृहा तोंड उघडेना. स्वानंद म्हणाला, भाजी संपल्याशिवाय उठायचं नाही. दोन तास ती तशीच बसून राहिली. मग त्याचा तोल गेला. त्याने तिचं नाक दाबलं, आणि श्वासासाठी तोंड उघडलं तेव्हा घास कोंबला. तिला उलटी झाली. त्यावर त्याने दुसरा घास भरवला.

त्याची बायको अस्मिता भांडली नाही. मुलीचं तोंड धुतलं, दोन बॅगा भरल्या आणि तिला घेऊन सुदामानगरला माहेरी गेली.

तो दोनदा तिकडे गेला. दार उघडं होतं, सासऱ्यांनी पाणीही दिलं. पण त्याचा आवाज ऐकताच स्पृहा पलंगाखाली शिरली. दुसऱ्या वेळी तिने तिथेच कपडे ओले केले. त्यानंतर तो गेला नाही.

आईला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार? रविवारी स्पृहाचा ड्रॉइंगचा क्लास असतो म्हणून ती येत नाही, एवढंच सांगून ठेवलं. आईने कधी खोदून विचारलं नाही, याचंच त्याला बरं वाटायचं. केक कसा झाला, स्पृहा काय म्हणाली, हे तो वाटेत जुळवायचा. हळूहळू त्या खोट्याचीच त्याला चटक लागली होती. आठवड्यातून ती दहा मिनिटं तो एका हसऱ्या मुलीचा बाप असायचा.

सोमवारी दिवाकरने शेवटचा तुकडा उचलला. शेजारच्या मशीनवरचा साधा, बोलका माणूस.

"स्वानंद भिया, मेरी बिटिया भी सब्ज़ी को हाथ नहीं लगाती. आपने अपनी वाली को कैसे खिलाया?"

स्वानंदने हातातला घास खाली ठेवला. तो उठून नळावर गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. आता बस झालं, त्याने ठरवलं. आईला सगळं सांगायचं.

रविवारी तो पोहे न खाताच बोलायला बसला. वसुधाबाई ओव्हनमधून साचा काढत होत्या.

"आई, स्पृहा तुझा केक खात नाही. एकदाही खाल्ला नाही तिने."

मग तो थांबलाच नाही. गिलकी, नाक, दुसरा घास, पलंगाखालून दिसणारे तिचे पाय, सगळं सांगून टाकलं. सांगताना तो रडला. पस्तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच आईसमोर.

वसुधाबाई ऐकत होत्या. हात थांबले नव्हते. केक सुटा केला, बरोबर मधोमध कापला. अर्धा ताटलीत काढून झाकून ठेवला आणि अर्धा डब्यात भरला.

"तू रागावलीस?"

"नाही रे."

"मग एक कर. तू चल माझ्याबरोबर सुदामानगरला. आत्ताच. तू बरोबर असलीस तर ती लपणार नाही. मी लांब उभा राहीन. नुसतं 'सॉरी बेटा' म्हणेन आणि परत येईन. चलशील ना?"

आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसत होती. वसुधाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. डबा त्याच्या हातात दिला, पदराने त्याचे डोळे पुसले आणि दाराची कडी काढली.

"आई, ऐकतेयस ना मी काय म्हणतोय?"

"ऐकलं, बाळा. पण साडेअकरा वाजून गेले. स्पृहा केव्हाची मागच्या गल्लीत अस्मिताच्या गाडीत बसली असेल. तू गेल्याशिवाय ती वर येत नाही."